द्वारकेचं शेवटचं पान

मनमाडला रेल्वेतली कारकुनी संपवून बुद्धभूषण नाशिकला राहायला आले, तेव्हा टेम्पोत भांड्यांपेक्षा पुस्तकं जास्त होती. पुस्तकांनी आधी दोन कपाटं भरली, मग पलंगाखालची जागा घेतली, आणि शेवटी स्वयंपाकघरात डाळींच्या डब्यांशेजारी ठाण मांडलं. "घर माझं की यांचं?" असं लताबाई अधूनमधून विचारायच्या. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर लताबाईंना बारीक छपाई वाचता येईना, तेव्हा लेक संजनाने टॅब आणून दिला. जुनी, हक्क संपलेली पुस्तकं त्यावर फुकट मिळत, आणि अक्षर हवं तेवढं मोठं करता येई.

संजना अंबडच्या एका कारखान्यात नमुने तपासायची. तिने घरातही तोच शिरस्ता लावला. पुस्तक टॅबवर सापडलं, पहिलं, मधलं आणि शेवटचं पान जुळलं, की ते कॉलनीतल्या विहाराच्या अभ्यासिकेत द्यायचं. तीन रविवारांत एक कपाट रिकामं झालं. बुद्धभूषणांनाही बरं वाटलं. मागची भिंत पिवळी आहे हे ते विसरूनच गेले होते.

चौथ्या रविवारी लताबाई म्हणाल्या, "आता द्वारकेची कादंबरी काढ. किती वर्षांत वाचली नाही."

बुद्धभूषण कपाटासमोर जाऊन उभे राहिले.

ही कादंबरी त्यांनी लग्नानंतर दोन वर्षांनी रद्दीच्या गाडीवरून घेतली होती. शेवटची सोळा पानं गायब होती. वाचनालयातून दुसरी प्रत आणून ते ती पानं रात्री जागून हाताने उतरवू लागले. पंधरा पानं शब्दाला शब्द उतरली. सोळाव्या पानावर नायिका द्वारका बाळंतपणात मरत होती. इकडे लताबाईंना सातवा महिना, आणि त्यांचा सगळा जीव द्वारकेत. "झालं का लिहून?" रोज विचारणा. बुद्धभूषणांनी पेन उचललं आणि द्वारकेला वाचवलं. उभ्या नोकरीत एका नोंदीत खाडाखोड न केलेल्या माणसाची ही एकच लबाडी, आणि ती अडतीस वर्षं पचली होती. आता लताबाई खरं पान वाचणार, आणि आपला नवरा आपल्याला फसवू शकतो हे त्यांना कळणार.

"ती राहू दे," ते म्हणाले. "टॅबवर नसेल."

"आहे की, पप्पा. पहिलं जुळलं, मधलं जुळलं." संजनाने शेवटचं पान उघडून वडिलांच्या हस्ताक्षराशेजारी धरलं. मग आळीपाळीने दोन्हीकडे पाहू लागली. "पप्पा, हे तर..."

"आण इकडं," म्हणत लताबाईंनी टॅब घेतला, अक्षर मोठं केलं आणि शांतपणे पान संपवलं. बुद्धभूषण उभेच होते.

"संजना झाली की सांगणार होतो," ते म्हणाले. "मग राहून गेलं."

"अडतीस वर्षं?"

"फसवलं मी तुला."

"जमलं कुठं? संजे, पप्पांच्या पानावरची खालून चौथी ओळ वाच."

संजनाने वाचलं, "लताने डोळे उघडले आणि पाणी मागितले."

"अहो, द्वारकेला माझं नाव कुणी दिलं?" लताबाई हसल्या. "तेव्हाच शंका आली होती. ही चार महिन्यांची झाल्यावर हिला कडेवर घेऊन वाचनालयात गेले, खरं पान उभ्या उभ्या वाचून आले."

बुद्धभूषण खुर्चीवर टेकले. "मग बोलली का नाहीस?"

"काय बोलायचं? माणूस माझ्यासाठी रात्रपाळी करून मेलेल्या बाईला उठवतोय. म्हटलं, बघू तरी कधी कबूल करतात."

"आई, पान जुळत नाही," संजना म्हणाली. "मग ठेवायची का ही?"

"आता काय लपवायचंय तिच्यात? देऊन टाक. अभ्यासिकेतल्या पोरी वाचतील. आधी पप्पांच्या पानाचा फोटो काढ, मला मोठं करून वाचायचंय."

"पण लोकांना चुकीचा शेवट कसा द्यायचा?" म्हणत बुद्धभूषणांनी चिठ्ठी घेतली, आणि कारकुनी अक्षरात लिहिलं, 'शेवटचे पान मूळ लेखकाचे नाही. खरा शेवट मोफत उपलब्ध आहे.' खाली तारीख, सही. तोवर संजनाने फोटो काढला. मग खालून चौथ्या ओळीतलं नाव तेवढं दुरुस्त करावं म्हणून ते पानावर वाकले, तोच लताबाईंनी पुस्तक उचलून संजनाच्या पिशवीत टाकलं.