चालू आहे, साहेब

माझी मावशी स्टिअरिंगला बसली की गाडी भीतीने थरथर कापते, असं काका म्हणायचे. काका म्हणजे मावशीचे यजमान. त्यामुळे बोलायची त्यांना पूर्ण मुभा, आणि ऐकून घ्यायची मावशीची अजिबात तयारी नाही.

थट्टा बाजूला ठेवली तरी गाडी कापत होती हे खरं. पळताना शहाण्यासारखी पळायची. उभी राहिली, की बॉनेटपासून मागच्या आरशापर्यंत हुडहुडी. सिग्नलला दोन आचके द्यायची आणि बंद पडायची. लायसन्सच्या परीक्षेत मावशी तीनदा नापास झाली ती यापायीच. परीक्षेच्या मैदानात शेवटी एक पांढरी रेघ आहे. तिथे थांबायचं, हिरवा दिवा लागला की निघायचं. मावशी थांबायची. गाडीही थांबायची. दिवा हिरवा होऊन पुन्हा लाल व्हायचा, तरी दोघी तिथेच.

"नाचता येईना अंगण वाकडं," काका म्हणायचे. "इतकी वर्षं मी चालवली हीच गाडी. माझ्या हातात कधी बंद पडली?"

आता त्यांच्या हातात गाडी नव्हती, हेच तर दुखणं होतं. काकांचे डोळे अधू झाले आणि डॉक्टरांनी त्यांचं गाडी चालवणं बंद केलं. तोवर दर रविवारी दोघं थर्मास घेऊन तलावावर जायची. तिथे काही काम नसायचं. दोन कप चहा, एक भांडण, की परत. ते थांबलं, गाडी कित्येक महिने कापड पांघरून उभी राहिली, आणि काका खिडकीशी बसायला लागले. खिडकीशी बसलेले काका मला बघवत नव्हते. मावशीला त्याहून नाही. म्हणून साठी ओलांडल्यावर तिने पहिल्यांदा क्लच दाबला.

पण काका शब्द देऊन बसले होते. तळमजल्यावरच्या शेजाऱ्यांना आम्ही 'शुभचिंतक' म्हणतो, कारण ते बोलतात गोड आणि चिंततात मात्र वाईट. मावशी चौथ्यांदा नापास झाली तर गाडी त्यांना विकायची असं ठरलं होतं. "वहिनी, या वयात कशाला जिवाला त्रास?" असं म्हणत ते रोज गाडीभोवती एक चक्कर मारायचे आणि टायर दाबून बघायचे.

मी गाड्या दुरुस्त करते. माझं स्वतःचं गॅरेज आहे. सख्खी भाची मेकॅनिक असताना मावशीने दुसऱ्याच कुणाकडून प्लग बदलून घेतले आणि तीन परीक्षा दिल्या, याचा मला किती राग आला ते लिहीत नाही, नाहीतर गोष्ट तिथेच संपेल. "तुझ्याकडे आधीच किती कामं असतात," म्हणे! चौथी परीक्षा अगदी तोंडावर आली तेव्हा कुठे गाडी माझ्या दारात येऊन उभी राहिली आणि दारातच बंद पडली.

आधी मी स्कॅनर लावला. हल्लीच्या गाड्यांत कार्बुरेटर नसतो. आत किती हवा आली ते मोजून गाडीतला कॉम्प्युटर त्या मापाने इंजेक्टरमधून पेट्रोल सोडतो. स्कॅनर म्हणाला, हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय. का, ते सांगितलं नाही. स्कॅनरचा स्वभाव शुभचिंतकांसारखाच, बातमी देतो आणि बाजूला होतो.

मग एकेका इंजेक्टरची तार काढून बघितली. एखादा सिलिंडर आजारी असेल तर त्याची तार काढल्याने इंजिनला काही फरक पडत नाही. इथे चारातली कुठलीही काढली तरी इंजिन तेवढंच जास्त कण्हायचं. म्हणजे आजारी एकटा कुणी नव्हता, सगळं घरच आजारी होतं. कुठूनतरी न मोजलेली हवा आत शिरत होती. हवा आत सोडणारा थ्रॉटल धुतला, वाटीभर काजळी निघाली, फरक काडीचा नाही. प्रत्येक पाइपवर साबणाचं पाणी मारलं, सांध्यांवर कान लावला. सगळे पाइप धडधाकट.

"उतरा दोघं," मी गाडीतच बसून राहिलेल्या मावशी-काकांना वैतागून म्हणाले. "डोक्याशी बसू नका."

दोघं उतरली आणि गाडी बरीच शांत झाली.

माझ्या गॅरेजची एक रीत आहे. इंजिनच्या झाकणावर पाण्याने काठोकाठ भरलेला ग्लास ठेवायचा, आणि एक थेंबही सांडला नाही तरच गाडी मालकाला द्यायची. मी तो ग्लास आणून ठेवला. पाणी थरथरलं, पण सांडलं नाही.

"मावशी, बस बघू."

मावशी बसली. पाणी सांडलं.

"उतर."

पाणी थांबलं.

"बस."

पाणी सांडलं, आणि काकांनी चक्क टाळ्या वाजवल्या. "बघ! मी काय म्हणत होतो? आता तर पुराव्यानिशी सिद्ध झालं!"

मावशी हसली नाही. स्टिअरिंग धरून बसली आणि हळूच म्हणाली, "खरंच माझ्यामुळे होतंय का गं?"

हा प्रश्न मला फार लागला. असल्या प्रश्नाचं उत्तर 'हो' असूच शकत नाही, असल्यास इंजिन आणि मी दोघांनी धंदा सोडावा. मी तिच्या दाराशी गेले. "बसल्यावर तू करतेस काय?"

"काही नाही. नुसती बसते."

मी खाली वाकून बघितलं. नुसती बसलेल्या मावशीचा पाय ब्रेकवर होता, आणि असा होता की चप्पल मधून दुमडली होती.

"हा पाय कशाला?"

"गाडी पुढे गेली तर? हँडब्रेकवर माझा नाही विश्वास. तुझ्या काकांनी घट्ट केलाय तो."

"काढ पाय." पाणी थांबलं. "दाब." सांडलं. "काढ. दाब. काढ. दाब!" अर्धा ग्लास रिकामा झाला आणि मी तिथल्या तिथे नाचायला लागले. मावशीला काही कळेना, पण मी नाचतेय म्हणून तीही बसल्या बसल्या हात हलवायला लागली.

ब्रेकच्या पायपट्टीमागे एक मोठा डबा असतो. इंजिन जी हवा ओढतं त्या ओढीवर तो चालतो आणि आपल्या पायाला जोर देतो. त्याच्या आतलं रबर गाडी उभी राहून राहून चिरलं होतं. ब्रेक दाबला की चीर उघडायची आणि भसाभस हवा इंजिनात शिरायची. रेघेवर थांबायचं तर ब्रेक दाबावाच लागतो. दाबला, की गाडी मेली. आणि आम्ही मेकॅनिक मंडळी बॉनेट उघडून समोर उभी राहतो, सीट रिकामी. ब्रेकवर पाय असणार कुणाचा? मावशीचा हँडब्रेकवर विश्वास असता तर मी आजही साबणाचं पाणी उडवत बसले असते.

मावशी काकांकडे वळली.

"अंगण वाकडं होतं," मावशी म्हणाली. "म्हणा."

"होतं."

"ऐकू नाही आलं."

"वाकडं होतं गं बाई! चांगलं वाकडं होतं!"

मी नवा डबा बसवला, ग्लास पुन्हा भरून ठेवला. मावशीने ब्रेक दाबला, सोडला, दाबला. थेंब हलला नाही. मला स्वतःचाच मुका घ्यावासा वाटला.

"छान," मावशी म्हणाली. "आता सुरू करू?" आणि तिने किल्ली फिरवली. कर्रर्रर्र! चालू इंजिनावर पुन्हा स्टार्टर मारला तर असा आवाज येतो की मेकॅनिकच्या दातांना कळ लागते.

"अगं, चालू आहे!"

"चालू? मग हलत कशी नाही?"

इथे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मावशी गाडी शिकली ती हुडहुडीवर. थरथर म्हणजे चालू, थरथर थांबली म्हणजे बंद, मारा किल्ली. त्या संध्याकाळी काकांना मागे बसवून सरावाला निघालो तर प्रत्येक चौकात कर्रर्र. रस्त्यावरची माणसं वळून बघायला लागली. कानावर भरवसा ठेव म्हणावं, तर बाजूच्या ट्रकच्या आवाजात तिला काहीच कळेना. परीक्षक अशा आवाजावर पास करतील ही आशा नव्हती.

"थरथर परत घाल," मावशी म्हणाली.

"काय?"

"थोडीशी. चवीपुरती."

"मावशी, माझ्या गॅरेजमधून बिघडवलेली गाडी बाहेर पडणार नाही. तुझ्यासाठी पण नाही."

"मग गाडी शुभचिंतकांना दे आणि काकांना खिडकी दे!" असं म्हणून ती रडायलाच लागली. आणि रडता रडता पुन्हा किल्ली. कर्रर्र.

मी तिचा हात किल्लीवरून उचलला आणि गिअरच्या दांड्यावर ठेवला. "डोळे मीट. काही लागतंय हाताला?"

"नाही."

"थांब जरा. घाई नको."

ती थांबली. नाक ओढलं. मग म्हणाली, "अगं हो. झोपलेलं मांजर गुरगुरतं ना, तसं."

"बघू बघू," म्हणत काकांनी मागून वाकून तिच्या हातावर हात ठेवला, आणि मांजर सापडल्यावरही बराच वेळ उचलला नाही. मी खिडकीबाहेर बघत बसले.

परीक्षेच्या दिवशी काका आणि मी मैदानाच्या कुंपणाला चिकटून उभे होतो. पांढरी रेघ अगदी समोर. काकांना धूसर दिसत होतं, म्हणून मी बोलून दाखवत होते. वळण घेतलं. मागे नीट आली. आता रेघ. थांबली. लाल दिवा.

परीक्षक तेच होते, तिन्ही वेळचे. त्यांनी पेन उघडलं. खिडक्या उघड्या होत्या, सगळं ऐकू येत होतं. गाडीचा मात्र आवाज नव्हता, कंप नव्हता, काही नव्हतं. मावशीचा हात किल्लीकडे निघाला. माझ्या दातांना आधीच कळ लागली. काकांनी माझं मनगट आवळलं. "काय करतेय? सांग ना, काय करतेय?"

हात अर्ध्या वाटेत थांबला, वळला आणि गिअरच्या दांड्यावर जाऊन बसला.

"बंद पडली ना परत?" परीक्षक सुस्कारा सोडत म्हणाले. "करा सुरू, मॅडम."

"चालू आहे, साहेब."

"अहो, बंद आहे. मला कळतं."

"साहेब, इथे हात ठेवा. असा. घाई करू नका."

साहेबांनी हात ठेवला. आधी कपाळावर आठी आली, मग आठी गेली, मग त्यांचं तोंड थोडं उघडं राहिलं. दिवा हिरवा झाला आणि मावशी निघाली ती लोण्यात सुरी जावी तशी. काका कुंपणापाशी उड्या मारत होते. त्यांना काही दिसलं नव्हतं, पण गाडी गेल्याचं त्यांना बरोबर कळलं.

घरी येताना मावशीने चालवली, काका शेजारी, मी मागे. तिघंही एकाच वेळी बोलत होतो. जिनाही आम्ही ओरडतच चढलो. काका थेट स्वयंपाकघरात शिरले, मावशीने माझ्या आईला फोन लावून सगळी कथा दोनदा सांगितली, मग पर्समध्ये हात घातला आणि पर्स टेबलावर उलटी केली.

"किल्ली कुठाय?"

आम्ही बाल्कनीत धावलो. गाडी खाली उभी होती, आणि शुभचिंतक तिच्या दाराला टेकून फोनवर कुणाला तरी सांगत होते, "पास होणं वेगळं हो. पण ती गाडी आता संपलीये. चार दिवसांत बंद पडणार, लिहून घ्या."

"भाऊजी," मावशीने वरून हाक मारली, "जरा बॉनेटवर हात ठेवता?"

त्यांनी ठेवला, आणि टुणकन उडी मारून मागे सरले. "अहो वहिनी! ही तर चालू आहे!"

मी हसून हसून कठड्यावर कोसळले. मावशी "अगंबाई, पेट्रोल!" करत जिन्याकडे पळाली. दारात काका उभे होते. पायात बूट, हातात भरलेला थर्मास.

"बंद कशाला करतेस?" ते म्हणाले. "चालूच आहे ना? चल, तलावावर."