जिन्यातून घेतलेली हरकत

आई गेल्यानंतरच्या दुसऱ्या बुधवारी मी तिची शाल आणि चष्मा आणायला वाचनालयात गेले. तळमजल्यावरच्या मागच्या खोलीत ती दर बुधवारी वर्ग घ्यायची, ज्यांनी फोनवर कधी बोटसुद्धा फिरवलं नव्हतं अशा लोकांचा. ओळखीपाळखीच्यांच्या मागे लागून ती कपाटात पडून असलेले फोन मिळवायची, पुसूनबिसून चालू करायची आणि ज्याचा त्याला देऊन टाकायची. शिकवताना मात्र स्वतःचे हात पाठीमागे बांधून उभी राहायची. "मी बोट लावलं की ते माझं काम झालं," म्हणायची.

खोलीला कुलूप असेल अशी माझी समजूत होती. आत सगळे बसले होते, आपापला फोन समोर घेऊन.

"ये गं," इस्त्रीवाल्या मावशी म्हणाल्या. पलीकडच्या कोपऱ्यावर त्या लोकांचे कपडे इस्त्री करून देतात. गरम इस्त्रीने त्यांच्या बोटांची टोकं इतकी गुळगुळीत झाली आहेत की फोन त्यांचा ठसा ओळखतच नाही. म्हणून त्यांनी आकड्यांचं कुलूप लावायला शिकून घेतलं. "बस. आज आपली सभा आहे."

ग्रंथपाल दारात अवघडून उभे होते. त्यांनीच मला समजावलं. वर्ग बंद करून त्या खोलीत जुनी पुस्तकं ठेवायची, असा ठराव आज वाचनालयाच्या समितीपुढे होता. सभा ऑनलाइन होती. ज्याची हरकत असेल त्याने स्वतः सभेत येऊन ती सांगायची.

"आणि हरकत कुणाची? ज्यांना ऑनलाइन येता येत नाही, त्यांची," मी म्हटलं.

"नियम मी केला नाही, ताई. तुम्हीच सगळ्यांच्या वतीने बोला ना. तुम्ही शिकलेल्या आहात. चुटकीसरशी होईल."

मी पर्समधून फोन काढलाही.

"ठेव तो," मावशी म्हणाल्या. "तू येतेस का इथे शिकायला? मला काहीच येत नव्हतं तेव्हा कुणी हाकललं तर मुकाट्याने जात होते. आता अर्धं येतंय. अर्ध्यावर सोडून कुठे जाऊ? दवाखान्याची वेळ घ्यायला पुन्हा शेजारणीच्या मिनतवाऱ्या करू?"

सभा सुरू झाली. सगळे एकदम आत शिरले आणि खोलीत अशी काही किंचाळी उठली की ग्रंथपालांनी कानांवर हात ठेवले. एकाच खोलीत इतके फोन, सगळ्यांचे आवाज चालू. एकाचा आवाज दुसऱ्यात घुसून शिट्ट्या मारत होता. वर्गात सगळे नेहमी मांडीला मांडी लावून शिकले होते, पण एकाच सभेत एकत्र कधी गेलेच नव्हते.

"हा काय बाजार मांडलाय?" अध्यक्ष पडद्यावरून ओरडले आणि त्यांनी आमच्यातल्या एकेकाला सभेतून बाहेर काढलं. शिट्टी थांबली.

"संपलं," ग्रंथपाल पुटपुटले.

"संपलं काय?" हॉर्नकाकांनी खुर्ची मागे ढकलली. त्यांनी जन्मभर बस चालवली. कुजबुजणं त्यांना ठाऊक नाही. "गाड्या चिकटवून उभ्या केल्या तर घासणारच! अंतर सोडा. मी आवारात जातो. मावशी, तुम्ही जिन्यात. आजोबा, तुम्ही वाचनकक्षात. बाकीचे जमेल तिथे पांगा."

"वाचनकक्षात शांतता पाळायची असते," ग्रंथपाल म्हणाले.

"म्हणून तर मी जात नाही तिथे!"

मी मावशींच्या मागून जिन्यात गेले. सभेत पुन्हा शिरायचा दुवा त्यांना सापडेना. निरोप वर सरकवत सरकवत त्या भलतीकडेच पोचल्या, आणि पडद्यावर आईचे निरोप दिसू लागले. 'मावशी, छान. उद्या पुन्हा करून बघा.' त्याखाली, 'काही मोडत नाही. दाबा.'

मी क्षणभर भिंतीकडे पाहिलं. मग घाई करायला हवी म्हणून हात पुढे केला. मावशींनी न बघताच त्यावर फटका मारला.

"हात मागे."

मी हात मागे बांधले आणि बोटांत बोटं घट्ट अडकवली. दुवा मला दिसत होता. त्यांचं बोट त्याच्यावरून गेलं, परत आलं, अडखळलं, आणि शेवटी टेकलं.

"...तर कुणाचीच हरकत दिसत नाही," अध्यक्ष म्हणत होते. "ठराव मंजूर समजायचा?"

मावशी बोलू लागल्या, पण आवाज जातच नव्हता. त्यांनी फोनकडे डोळे बारीक करून पाहिलं, माइकचं चित्र शोधलं आणि दाबलं.

"थांबा!" जिना दणाणला. "माझी हरकत आहे."

"आपण कोण?"

"मी कपड्यांना इस्त्री करते. बुधवारी तुमच्या मागच्या खोलीत शिकते. ती खोली घ्यायची नाही."

"असं बघा बाई, तुमच्याजवळ कुणी जाणकार आहे का? त्यांच्याकडे फोन द्या जरा."

"आहे ना. शेजारीच उभी आहे. तिला बोलायचं असेल तर ती तिच्या फोनवरून येईल. हा माझा आहे."

तेवढ्यात एक चौकोन उजळला. "माझीपण हरकत!" हॉर्नकाका. मग दुसरा चौकोन, तिसरा. कुणाचं नुसतं कपाळ दिसत होतं, कुणी खिडकीला पाठ करून बसल्यामुळे काळंकुट्ट. पण सगळे आत होते, आणि शिट्टी वाजत नव्हती.

अध्यक्ष पाणी प्यायले. "बरं. ठराव पुढे ढकलू. पुढची सभा कार्यालयातच घेऊ, समोरासमोर. हा ऑनलाइन गोंधळ नको."

"नाही," मावशी म्हणाल्या. "इथेच, फोनवर घ्या. कार्यालयात तुम्ही भरदुपारी बोलावणार, तेव्हा माझी इस्त्री तापलेली असते. इथे मी इस्त्रीच्या टेबलाशी उभी राहून येईन. ऑनलाइन या म्हणालात, आम्ही आलो. आता जागा बदलायची नाही."

"बघू."

"बघू नाही. लिहा."

अध्यक्षांनी मान खाली घालून काहीतरी लिहिलं.

"वाचून दाखवा."

"वर्गातील लोकांनी हरकत घेतली," त्यांनी वाचलं.

"लोकांनी नाही. आम्ही एकेकटे आलोय. एकेकाची वेगळी लिहा, काय काय म्हणणं आहे ते विचारून."

मग अध्यक्षांनी पेन पुन्हा उचललं. मावशी पायरीवर टेकल्या, पदराने फोनची काच पुसली आणि फोन तोंडाजवळ धरला.

"सावकाश लिहा," त्या म्हणाल्या. "आम्हाला घाई नाही."