दादाच्या नावावर

चाळिशी ओलांडली तरी तिला सगळे चिमीच म्हणत. कुणाचा पाय सुजलेला, कुणाचा वाकडा, कुणाचा एक लांब आणि एक आखूड, अशा माणसांसाठी ती मापाचे बूट बनवायची. परदेशात स्थायिक झालेला मामेभाऊ एकदा सुट्टीत आला, तिच्या दुकानात अर्धा दिवस बसला आणि निघताना म्हणाला, "चिमे, तिकडे असा माणूस शोधून सापडत नाही. चल, कंपनी काढू."

याच मामेभावानं, तिच्या दादानं, तिला सायकल शिकवली होती, पोहायला शिकवलं होतं. त्याच्या हातात हात देऊन ती विहिरीतसुद्धा उतरली होती.

परक्या माणसाला तिकडे पहिली काही वर्षं स्वतःच्या नावावर कंपनी काढता येत नव्हती. "माझ्या नावावर काढू," दादा म्हणाला. "तुला नोकरीवर दाखवू, म्हणजे राहायचा परवाना मिळेल. मुदत सरली की अर्धी तुझी. आता आपल्यात काय लिहून घ्यायचं?" चिमी हसली. तिनं दुकान बंद केलं, म्हाताऱ्या आईला शेजारणीच्या भरवशावर सोडलं आणि विमानात बसली.

एका बंद पडलेल्या लाँड्रीच्या जागेत कारखाना सुरू झाला. तिथली भाषा चिमीला येत नव्हती. 'दुखतं?', 'इथे?', 'आता?' हे तीन शब्द आधी आले आणि पुष्कळ दिवस तेवढ्यावरच भागलं. गिऱ्हाईक आलं की ती जमिनीवर बसायची, पाय मांडीवर घ्यायची, बोटांनी चाचपायची. गिऱ्हाइकं वाढली तसे दोन कारागीर ठेवले. आपल्याला येत होतं ते सगळं तिनं त्यांना शिकवलं, हातचं काही राखलं नाही.

एके सकाळी तिचं पहिलं गिऱ्हाईक, एक निवृत्त शिक्षिका, फुलांची कुंडी घेऊन आली आणि चिमीला मिठी मारून रडायलाच लागली.

"तू कायमची जातेयस ना? तुझ्या भावानं सांगितलं."

आपण काहीतरी चुकीचं ऐकलं असं चिमीला वाटलं. तिनं पुन्हा विचारलं, सावकाश. बाई तेच बोलल्या, सावकाश. चिमीनं वळून कारागिरांकडे पाहिलं. एकानं मान खाली घातली. दुसरा पुटपुटला, "आम्हाला वाटलं, तुम्हाला माहीत आहे."

ती दादाच्याच घरी राहत होती. संध्याकाळी तो जेवायला बसला तेव्हा ती टेबलाशी जाऊन उभी राहिली.

"दादा, मी कुठे चाललेय?"

"बस आधी."

"उभी बरी आहे."

दादा पाणी प्यायला. "एका मोठ्या हॉस्पिटलचं काम मिळतंय. त्यांना एकच मालक हवाय, मागे भानगडी नकोत. म्हणून तुझ्या परवान्याची मुदत मी वाढवली नाही."

"मी भानगड?"

"लगेच शब्दात पकडू नकोस. कारागीर तयार झालेत. तूही दमलीयस. घरी जा, आराम कर."

"आणि माझी अर्धी कंपनी?"

"चिमी, हळू," वहिनी म्हणाली. "शेजारी ऐकतील."

"ऐकू देत. त्यांना काय कळतंय आपलं!"

दादा भात कालवत राहिला. "कायद्यानं ती माझीच आहे, चिमे. तू इथे कामाला होतीस."

'कामाला होतीस.' त्यानं ते ओरडून म्हटलं असतं तर तिला बरं वाटलं असतं. पण तो अगदी समजुतीच्या सुरात बोलला होता, पूर्वी सायकलवरून पडल्यावर बोलायचा तसा.

खोलीत येऊन तिनं आईला फोन लावला. हुंदके देत, मागचंपुढचं सगळं सांगितलं.

"आई, ऐकतेयस ना?"

"माहीत आहे गं मला. मला विचारूनच केलं त्यानं. म्हणाला, आत्या, चिमीला पाठवून देऊ का? मी म्हटलं, पाठव बाबा. मला एकटीला घर खायला उठतं."

"मला नाही विचारलंस?"

"तू आली नसतीस."

चिमीचे हुंदके थांबले. दादानं गळा कापला, त्याला निदान हॉस्पिटलचं काम तरी मिळत होतं. पण आईनं होकार भरताना तिला एका शब्दानंही विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती वकिलाकडे गेली. तिचं सगळं ऐकून वकिलानं एवढंच विचारलं, "लिखित काही?" आणि तिचा चेहरा बघून पुढचं विचारलं नाही. शिक्षिकाबाईंचा बुटांचा जोड अर्धवट राहिला होता, तेवढा पुरा करून ती निघाली. विमानतळावर सोडायला दादा गाडी काढून उभा होता. ती बसनं गेली.

मायदेशी उतरली, पण आईकडे गेली नाही. वेगळ्याच शहरात तिनं खोली घेतली आणि एका हॉस्पिटलात कामाला लागली. आईची सोय लावून दिली. आईचा फोन मात्र दर रविवारी येतो.

"दादा विचारत होता गं, अजून रागावलीय का."

"तुझा गुडघा कसा आहे?" चिमी विचारते.

मग आई गुडघ्याचं सांगत बसते, आणि चिमी ऐकून घेते.