पाच तास दहा मिनिटं

तिकीट कचेरीतली बाई बाबांचा फॉर्म भरत होती. वय, आजार, सोबतचं ऑक्सिजनचं यंत्र, असं एकेक विचारून झालं आणि प्रवासाच्या वेळेपुढे तिनं लिहिलं, पाच तास दहा मिनिटं.

लेकीनं हळूच सांगितलं की तीन तास दहा. विमान दहा दहाला सुटतं, एक वीसला पोचतं, हा हिशेब तिनं महिनाभर घोकला होता. यंत्राची बॅटरी चार तास चालायची. वर पन्नास मिनिटं उरत होती, म्हणून तर डॉक्टरांनी हो म्हटलं होतं.

बाईनं पेन खाली ठेवलं. दोन विमानतळांमधलं अंतर तीन हजार आठशे किलोमीटर आहे, ती म्हणाली, आणि तिकिटावर सुटायची वेळ इथल्या घड्याळाची असते, पोचायची तिथल्या. तिथलं घड्याळ दोन तास मागं.

"सगळेच फसतात हो ताई. पण बाकीच्यांचं फार तर जेवण चुकतं."

त्या जुन्या यंत्राची दुसरी बॅटरी मिळत नव्हती. भाड्याचं यंत्र परदेशी न्यायला कुणी देत नव्हतं. लेकीनं दोन्हीकडे आधीच खेटे घातले होते. ती फॉर्म तसाच घेऊन घरी आली.

चार वर्षं बाबांचं सगळं तीच करत होती. आता तीन महिने ते परदेशातल्या दादाकडे राहणार होते. त्या तीन महिन्यांत तिला कुठं जायचं नव्हतं, काही करायचं नव्हतं. नुसतं अंग टाकायचं होतं. देवापुढे हात जोडतानाही एवढं मागायची तिला लाज वाटायची.

बाबांनी नाकातली नळी सारखी करत सगळं ऐकून घेतलं. "मग पार्सल कर मला," ते म्हणाले. "पार्सलला श्वास लागत नाही." ती हसली नाही. तेव्हा ते म्हणाले, "दादाला फोन लाव. आणि माझ्यासाठी नको, तुझ्यासाठी बोल."

दादानं आधी दुसरं विमान बघायला सांगितलं. मधे थांबणारी विमानं अकरा तास घेतात, हे तिनं बघून ठेवलं होतं. मग राहू दे, पुढच्या वर्षी बघू, असं तो म्हणाला. एरवी ती यावर बरं म्हणून फोन ठेवायची.

"दादा, चार तासांच्या वर बाबांना जमत नाही. तुला तसं काही नाही ना? तू ये. तीन महिने."

मग रजा, साहेब, मुलांच्या परीक्षा, सगळं त्यानं सांगितलं. तिनं भिंतीला टेकून ते शेवटपर्यंत ऐकलं.

"खरंय रे सगळं. पण मी थकलेय."

चार वर्षांत हा शब्द तिनं त्याच्याजवळ कधी काढला नव्हता.

"महिनाभराची रजा मिळते का बघतो," तो शेवटी म्हणाला. "कळवतो नंतर."

"आत्ताच विचार," ती म्हणाली. "मी फोन धरून बसते."

आणि ती तिथंच फरशीवर बसली.