एकाच हातची चौदा पत्रं

आमच्या गल्लीत कुणालाही अर्ज लिहून हवा असला की तो माझ्याकडे येतो. माझं अक्षर चांगलं आहे आणि माणसाने सांगितलेलं मी बदलत नाही. समोरचा ‘मी’ म्हणाला की कागदावरही ‘मी’च.

म्हणून आमच्या दारूच्या दुकानाची वेळ आठवरून दहापर्यंत वाढवून मागणारा अर्जही मीच लिहिला. आमच्या ह्यांचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. पुलापलीकडे नवं मोठं दुकान झालंय, ते दहापर्यंत उघडं असतं. आठनंतर गिऱ्हाईक गाडीला किक मारतं आणि तिकडे जातं. आणखी वर्षभर असं चाललं तर आमचं शटर कायमचं खाली. हे खरंच होतं, तसंच लिहिलं.

नियम असा की नोटीस महिनाभर दुकानाच्या दारावर लावायची आणि ज्याला काही म्हणायचंय त्याने कचेरीत लेखी कळवायचं. झालं, माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी रांग लागली. पाठिंब्याची बारा पत्रं झाली. पहिलं वरच्या मजल्यावरच्या रंगाऱ्याचं. “लिहा वहिनी, कष्टकरी माणसाला कामावरून यायला उशीर होतो.” हा गृहस्थ पाचला घरात असतो. पण पत्र त्याचं, मी कोण बोलणार?

दुसऱ्या दिवशी तो कामावर गेल्यावर त्याची बायको खाली आली. शिवणकाम करते, गळ्यात टेप तशीच होती. खुर्ची दिली तरी बसली नाही.

“वहिनी, विरोधाचं पत्रही लिहिता का?”

“काय झालं ते सांग.”

“रोज सातला एक बाटली आणतो. ती संपेपर्यंत तुमचं दुकान बंद झालेलं असतं. मग शिव्या देतो आणि झोपतो. सुट्टीच्या दिवशी मात्र दुपारीच दोन आणतो.” तिने बाही वर सारली. मी बघितलं आणि पेन उचललं.

सही करायला ती तयार होईना. “त्याला कळलं तर मेलेच मी.” पत्र मीच टपालात टाकलं आणि ह्यांना काही बोलले नाही. आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतोय हे कळत होतं. म्हटलं, कचेरीवाले बघतील काय ते, आपण नुसती लिहिणारी. मोठी शहाणी मी!

सुनावणीला आम्ही दोघं गेलो. अधिकारी बाई पन्नाशीच्या होत्या. त्यांनी चौदा कागद टेबलावर पत्त्यांसारखे मांडले आणि बराच वेळ बघत राहिल्या.

“हे सगळं एकाच हातचं आहे.”

“माझ्या,” मी म्हणाले. “गल्लीची पत्रं मीच लिहिते.”

“हे विरोधाचंसुद्धा?”

ह्यांनी माझ्याकडे मान वळवली. मी समोर बघत राहिले.

“यावर सही नाही,” बाई म्हणाल्या. “बिनसहीचं पत्र मी विचारात घेत नाही. हे काढलं तर तुमच्या अर्जाला विरोधच उरत नाही. कुणाचं आहे?”

गप्प बसले असते तर काम फत्ते होतं. शिवणवालीचं नाव घेतलं असतं तर दिवस मावळायच्या आत ते रंगाऱ्याच्या कानावर गेलं असतं. मला भयंकर राग आला, त्या रंगाऱ्याचा आणि माझ्या चांगल्या अक्षराचाही.

“माझंच,” म्हणाले, आणि टेबलावरचं पेन घेऊन सही ठोकली.

बाईंनी चष्मा लावला आणि मोठ्याने वाचायला घेतलं. “माझा नवरा रोज एक बाटली पितो. सुट्टीच्या दिवशी दोन पितो आणि मला मारतो. दुकान दहापर्यंत उघडं राहिलं तर रोजच सुट्टीचा दिवस होईल.”

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ह्यांनी आयुष्यात थेंबाला तोंड लावलेलं नाही, आणि माझ्यावर आवाज चढवला तर स्वतःलाच ठसका लागतो.

“खरं आहे हे?” बाईंनी ह्यांना विचारलं.

हे कागदाकडे बघत होते. मग माझ्या सहीकडे बघितलं. “खरं आहे,” म्हणाले.

पुढची दहा मिनिटं बाईंनी ह्यांना सोलून काढलं. स्वतःचाच माल ढोसणाऱ्याचा धंदा बुडायचाच, असंही ऐकवलं. ह्यांनी मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं. अर्ज नामंजूर झाला.

जिना उतरताना मी म्हणाले, “अहो, ते पत्र...”

“वरच्या रंगाऱ्याच्या बायकोचं ना?”

“कसं ओळखलंत?”

“सुट्टीच्या दोन बाटल्या मीच देतो त्याला,” ते म्हणाले.

सुट्टीच्या दिवशी दुपारी रंगारी आला. ह्यांनी एकच बाटली समोर ठेवली.

“आणि दुसरी?”

“संपली.”

मागची फळी गच्च भरलेली होती. रंगाऱ्यालाही ती दिसत होती. पुलापलीकडचं दुकानही उघडं होतं, पण तिथवर चालत जाण्याइतका तो कष्टकरी नव्हता. एक बाटली घेऊन तो वर गेला.