ठकी कुणाकडे आहे?

या घरात आत्याला एकच प्रश्न दिवसातून शंभरदा विचारावा लागायचा. "ठकी कुणाकडे आहे?" आणि उत्तर ठरलेलं, "अगं, इथेच होती आत्ता." होती! होती म्हणजे काय? पोर आहे की चाव्यांचा जुडगा?

भावाने मागच्या अंगणात पोहण्याचा तलाव असलेलं घर घेतलं, तेव्हापासून तिच्या डोक्याला हा ताप लागला होता. घर घेताना पठ्ठ्याने खोल्या बघितल्या, उजेड बघितला, निळं पाणी बघून तर हुरळूनच गेला. आपल्याकडे नुकतं चालायला लागलेलं मूल आहे, हे मात्र त्याला राहायला आल्यावर आठवलं. तेही आत्याने आठवण करून दिली म्हणून. मग तिने त्याच्या मानगुटीवर बसून तलावाभोवती कुंपण घालून घेतलं. उभ्या गजांचं, पाय ठेवून चढता येणार नाही असं. त्याला आपोआप मिटणारं फाटक, आणि खिट्टी मोठ्या माणसाच्या खांद्याइतकी उंच.

"ताई, हा तुरुंग झाला," भाऊ म्हणाला.

"होऊ दे. तुरुंगात कुणी बुडत नाही."

आत्या लहान मुलांच्या वॉर्डात सिस्टर होती. लग्न केलं नव्हतं, वरच्या खोलीत राहायची, आणि भावाच्या मते वॉर्ड घरी घेऊन यायची. वॉर्डात पाळी संपली म्हणून पर्स उचलून चालू पडता येत नाही. नवीन सिस्टरला प्रत्येक खाटेपाशी न्यायचं, मूल दाखवायचं, आणि तिने मुलाकडे बघून तोंडाने "घेतलं" म्हटल्याशिवाय ते मूल आपलंच. मग घरी कितीही उशीर होवो. हीच पद्धत ठकीसाठी लावा, म्हणून आत्याने घसा कोरडा केला. ठकी दुसऱ्याकडे सोपवताना त्याने "घेतली" म्हणायचं, बस. एवढं साधं! पण कुणी ऐकेल तर शपथ. भावाला त्याचं हसू यायचं. "माझी मुलगी आहे, कुरिअर नाही. सही पण करू का?" भावजय बिचारी प्रयत्न करायची, पण नवऱ्यासमोर लाजायची. भावजयीचा भाऊ, म्हणजे ठकीचा मामा, तर येता-जाता मीठ उचलूनही "घेतलं!" म्हणून सलाम ठोकायचा.

शेवटी आत्याने हात टेकले. नाही बोलायचं ना? नका बोलू. तिने बाजारातून लाल दोरीची एक शिट्टी आणली. ज्याच्या गळ्यात शिट्टी, त्याने ठकीवर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवायचं, दुसरं कुठलंही काम करायचं नाही. आणि आश्चर्य म्हणजे हे सगळ्यांना पटलं. बोलावं लागत नव्हतं ना! शिट्टी या गळ्यातून त्या गळ्यात फिरायला लागली आणि आत्यालाही वाटलं, चला, यांच्या डोक्यात काहीतरी शिरलं एकदाचं.

त्या रविवारी ती रात्रपाळी करून आली. झोपायला जाण्याआधी तिने खिडकीतून बघितलं, तर तलावात ठकीचं पिवळं प्लास्टिकचं बदक तरंगत होतं. तिचं डोकंच फिरलं. "अरे, खेळणी पाण्यात सोडू नका! किती वेळा सांगायचं? ते दिसलं की ती त्याच्या मागे जाणार!"

"काढतो, काढतो," खालून भाऊ म्हणाला. "झोप तू."

"ठकी कुणाकडे आहे?"

"माझ्याकडे आहे, ताई," भावजयीने गळ्यातली शिट्टी उंच करून दाखवली. ठकी तिच्या कडेवर बसून बिस्कीट चोखत होती. मग आत्या झोपली.

उठली तेव्हा ऊन कलायला आलं होतं. तोंड धुऊन, चहाचा कप घेऊन ती मागच्या दारात आली. अंगणात लोकांची लगबग चालली होती. भाऊ घरातून खुर्च्या आणून तलावाकाठी मांडत होता. भावजय फोनवर बोलत झाडांना पाणी घालत होती. मामा गाल फुगवून हवेची गादी भरत होता. सावलीत आरामखुर्चीवर अण्णा, म्हणजे आत्याचे वडील, छान घोरत होते. कानाचं यंत्र काढून त्यांनी सदऱ्याच्या खिशात ठेवलं होतं.

लाल दोरी अण्णांच्या गळ्यात होती.

"ठकी कुणाकडे आहे?" आत्याने विचारलं.

"अण्णांकडे," तिघेही एकदम म्हणाले. मान वर न करता.

फाटक सताड उघडं होतं. ते मिटू नये म्हणून भावाने त्याला कुंडी लावून ठेवली होती. दोन्ही हातांत खुर्च्या असल्या की खिट्टी उघडत नाही, म्हणून. पाण्यात बदक तसंच होतं. त्याच्या शेजारी ठिपक्यांचा फ्रॉक फुगून वर आला होता. ओरडणं नाही, पाण्याची खळबळ नाही. काही म्हणजे काही आवाज नाही.

कप कुठे पडला ते आत्याला कळलं नाही. चपलांसकट तिने उडी मारली. पाणी तिच्या छातीपर्यंत होतं. ठकीला उचलून तिने काठावर आडवी केली. ओठ निळे पडले होते. आत्याचे हात वॉर्डात असल्यासारखे चालत राहिले. मान थोडी मागे, तोंडावर तोंड, श्वास. पुन्हा श्वास. "अँब्युलन्स बोलवा!" ती मधेच ओरडली. पुन्हा श्वास. मग ठकीच्या पोटातून एक उबळ आली, पाणी बाहेर पडलं, खोकला आला आणि तिने असा काही टाहो फोडला की शेजारची माणसं कुंपणाशी धावत आली.

आणि तिला धड श्वास लागला नाही तोच यांचं सुरू झालं.

"मी तुझ्या हातात दिली होती!" भावजय किंचाळली. "फोन आला तेव्हा! तू हं म्हणालास!"

"मी हिच्या भावाच्या गळ्यात घातली. खुर्च्या कोण आणणार होतं?"

"माझ्या तोंडात गादी होती, भावोजी! शिट्टी मधे मधे येत होती. मी अण्णांना घातली. 'अण्णा, ड्यूटी!' असं सांगितलंसुद्धा!"

अण्णा जागे होऊन सगळ्यांच्या तोंडांकडे बघत होते. गळ्यातली दोरी चाचपून त्यांनी विचारलं, "हे काय आहे? कुणी घातलं?"

"गप्प बसा!" आत्या ओरडली. "शिट्टी कुठून कुठे गेली ते सगळ्यांना तोंडपाठ आहे. पोरगी कुठे गेली ते आहे का एकाला तरी ठाऊक?"

आत्याला सगळ्यांना धरून धरून मारावंसं वाटत होतं, पण सगळ्यात जास्त राग तिला स्वतःचाच येत होता. ती शिट्टी आणली कुणी? तिनेच. बोलायला लाजतात म्हणून तिने मूल बघून तोंडाने "घेतली" म्हणायचा नियम सोडून दिला, आणि यांच्या हातात एक खेळणं दिलं. सगळे शिट्टीकडे बघत बसले. आणि झोपेतून उठून दारात आल्यावर तीसुद्धा आधी शिट्टीच शोधत होती.

अँब्युलन्सचा भोंगा गल्लीच्या तोंडाशी ऐकू आला. ठकी रडत होती, पण छातीत पाणी गेलेलं असतं, दवाखान्यात न्यायचंच होतं. आत्या नखशिखांत भिजलेली, ठकीला छातीशी धरून काठावरच बसली होती. तिला आता थंडी भरली होती. भाऊ टॉवेल घेऊन तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"दे माझ्याकडे, ताई. तू कुडकुडतेयस."

आत्याने दिली नाही. नुसती त्याच्याकडे बघत राहिली.

त्याला कळलं. मग त्याने ठकीच्या तोंडाकडे बघितलं, नीट, जणू आज पहिल्यांदाच बघत होता, आणि म्हणाला, "घेतली." पुन्हा म्हणाला, शेजाऱ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने, "घेतली, ताई. मी घेतली."

वॉर्डाच्या नियमाप्रमाणे आता आत्याने सोडायला हवं होतं. पण तिचे हात सुटेनात. मधे ठकी घसा फाडून रडत होती आणि आत्याची बोटं फ्रॉकमध्ये रुतून बसली होती. शेवटी भावजय तिच्या शेजारी ओल्या फरशीवर बसली आणि तिची बोटं एकेक करून सोडवायला लागली. प्रत्येक बोटाला ती सांगत होती, "घेतली, ताई. घेतली."