शब्दार्थात अडकलेला देव

चूक माझीच. तोंडाला कुलूप नाही, दुसरं काय!

फादरांनी रविवारच्या वर्गातल्या मुलांसाठी पुस्तिका लिहिली. छपाई आमच्या प्रेसमध्ये. शेवटच्या पानावर शब्दार्थ. ‘क्षमा’ झाली, ‘करुणा’ झाली. ‘देव’पुढे लिहिलं होतं : जो काहीही करू शकतो तो.

मी सहज काडी टाकली. “फादर, त्याला स्वतःलाच उचलता येणार नाही असा दगड त्याला करता येईल?”

गंमत केली हो! पण फादर प्रूफ घेऊन जे गेले, ते दोन दिवसांनी उगवले. नवा अर्थ : जो आहे तो.

“आहे तर हे टेबलही,” मी म्हणालो. जीभ वळवळतेच.

पुढचं प्रूफ : एक देव, तीन व्यक्ती. शपथेवर सांगतो, मी गप्प बसलो, तर फादरच वैतागले. “मुलं विचारणार, म्हणजे तीन देव का? दोन ओळींत काय सांगू?”

मग आलं : जो शब्दांत मावत नाही तो.

“मग शब्दार्थात कशाला कोंबलाय?” आता मीही वैतागलो होतो. टाइप करून बायकोची बोटं दुखायला लागली होती.

आज शुक्रवार. चारला मशीन दुसऱ्या कामाला लागणार. आज छापलं नाही, तर रविवारी मुलं रिकाम्या हातांनी बसणार. साडेतीनला फादर आले, डोळे तारवटलेले. सातवं प्रूफ : आपण ज्याची प्रार्थना करतो तो.

मी ओठ दाताखाली धरले. फादरांनी सही केली. बायको पान घेऊन आत गेली. सही झालेल्या पानाला ती मलाही हात लावू देत नाही.

“तुम्ही काहीच बोलला नाहीत?” फादरांनी विचारलं.

“छे, झकास आहे.”

“खरं सांगा हो.”

“नाही म्हणजे... कुणी प्रार्थनाच केली नाही, तर तो नसतो का?”

फादरांनी पेनला टोपण लावलं. मग हळूच म्हणाले, “तेव्हा तो वाट बघतो.”

“अहो, मग हेच लिहायचं ना!” माझ्या तोंडून निसटलं.

फादरांनी पेनचं टोपण काढलं. तेवढ्यात आत मशीन धडधडायला लागलं.

“वहिनी, एकच ओळ!” फादर ओरडले.

“सही झाली, फादर. आता देव पुढच्या आवृत्तीत शोधा. आणि अहो, तुम्ही कागद लावायला या. तोंडाला पट्टी लावून.”